रतनपुरुष : एका रानफुलाचे नाव आणि त्याचा अर्थ

माधव नगरात राहणाऱ्या कोणासही आपल्या वस्तीच्या नावाचा अर्थ विचारावा. तो विनाविलंब सांगतो. ग्वाल्हेर संस्थानचे अधिपती माधवराव शिंदे यांच्या नावावरून हे नाव पडले, आणि बाजारपेठेस लोक फ्रीगंज म्हणतात. आपल्यापैकी ज्यांचे पूर्वज शिंदेशाहीच्या काळात दक्षिणेतून माळव्यात आले, त्यांना तर या नावात घरचाच इतिहास ऐकू येतो. नावाचा अर्थ ठाऊक असला म्हणजे जागा आपली वाटू लागते, हा सर्वांचा अनुभव आहे.

मात्र त्याच वस्तीत, मोकळ्या पटांगणाच्या कडेला गवतात उगवलेले वीतभर उंचीचे रोप दाखवून त्याचे नाव विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : “घास है.” घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलणारी आपली मुले या बाबतीत दोन्ही भाषांत सारखीच निरुत्तर होतात. त्यात मुलांचा दोष नाही. मोठ्यांनी त्यांना ते नाव कधी सांगितले नाही, आणि मोठ्यांना सांगणारेही फारसे कोणी उरले नाही.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस अभिवादन करण्याकरिता मोठमोठे विषय घेता आले असते. परंतु शिक्षकाचे पहिले काम हजेरी घेण्याचे, म्हणजे प्रत्येकास त्याच्या नावाने हाक मारण्याचे असते. म्हणून आज अशाच एका अनामिक होऊन बसलेल्या विद्यार्थ्यास हाक मारण्याचे योजिले आहे. त्याचे नाव रतनपुरुष. हे आपल्याकडील एक रानटी व्हायोलेट आहे.

१. रोपाची ओळख

रतनपुरुष हे भारताच्या उष्ण मैदानी प्रदेशात सर्वत्र आढळणारे लहान झुडूपवजा रोप आहे. माळरान, गवताळ पडीक जमीन, शेताचे बांध, रस्त्याच्या कडा ही त्याची वसतिस्थाने. त्याची उंची साधारणतः पंधरा ते तीस सेंटिमीटर असते. बुडखा काष्ठमय असल्यामुळे ते उन्हाळ्यात वरून वाळले तरी जमिनीलगत जीव धरून राहते आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा फुटते. पाने अरुंद, लांबट, टोकदार आणि जवळजवळ बिनदेठाची असतात. फूल नसताना हे रोप गवतातून वेगळे ओळखणे कठीण. त्यामुळे ‘घास है’ हे उत्तर अगदीच निराधार म्हणता येत नाही.

ओळख पटते ती फुलावरून. पावसाळ्यात आणि त्यानंतर हिवाळ्याच्या आरंभापर्यंत पानांच्या बगलेतून बारीक देठावर एकेक फूल येते. प्रथम दृष्टीस असे वाटते की, या फुलाला एकच पाकळी आहे. ही पाकळी गुलाबीसर जांभळी, खाली लोंबणारी, वर निमुळती व खाली पंख्यासारखी रुंद आणि सुमारे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब असते. जवळून, शक्यतो भिंग घेऊन पाहिले म्हणजे खरा प्रकार ध्यानी येतो. पाकळ्या पाचच आहेत. परंतु वरच्या दोन अगदी चिमुकल्या, बाजूच्या दोन त्यांहून किंचित मोठ्या, आणि पाचवी इतकी मोठी की, उरलेल्या चौघी तिच्या सावलीत झाकल्या जातात. या मोठ्या पाकळीच्या बुडाशी मागील बाजूस एक लहान फुगवटा असतो. पाहुण्या कीटकास मकरंदाचा मोह दाखवून फुलाच्या आत ओढून घेण्याची ही योजना होय.

आपल्या भागात निळ्या रंगाची विष्णुक्रांताही अशाच गवतात फुलते आणि दोघींची गफलत होऊ शकते. त्यांतील भेद सोपा आहे. विष्णुक्रांतेचे फूल चहूकडून सारखे, वाटोळे, आकाशवर्णी निळे असते. रतनपुरुषाचे फूल एकांगी, जांभळट आणि जणू एकाच पाकळीचे असते.

२. व्हायोलेटचे कूळ

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने रतनपुरुष व्हायोलेसी या कुळातील आहे. या कुळात सुमारे एक हजार जाती असून त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या व्हायोला या प्रजातीत येतात. युरोपातील सुगंधी व्हायोलेट, बागेत हिवाळ्यात लावतात ती पॅन्सी आणि पंसाऱ्याच्या दुकानात सर्दी-पडशावर मिळणारा बनफशा हे सर्व याच घराण्यातले. बनफशा म्हणजे हिमालयाच्या थंड प्रदेशातून येणारी व्हायोलेटची वाळलेली फुले व पाने. उज्जैनमधील अनेक घरांतून तो काढ्यासाठी आणला जातो. दूरच्या डोंगरातील व्हायोलेट आपण विकत आणतो आणि दारातल्या व्हायोलेटला गवत म्हणून उपटतो, असा हा व्यवहार आहे.

कुळाचे साम्य केवळ फुलाच्या घडणीपुरते नाही. व्हायोलेट कुळातील वनस्पतींमध्ये वर्तुळाकार प्रथिने सापडतात. सामान्य प्रथिनाची साखळी दोन टोकांची असते; या प्रथिनांत सुमारे तीस अमिनो आम्लांची साखळी आपल्याच शेपटास जोडली जाऊन कडे बनते. अशा कड्याचे विघटन करणे कीटकांच्या पाचकरसांस अवघड जाते आणि वनस्पतीचे संरक्षण होते. या प्रथिनांचा माग प्रथम लागला तो आफ्रिकेत. कांगोमध्ये बाळंतपणात प्रसूती लवकर व्हावी म्हणून तेथील स्त्रिया एका वनस्पतीचा काढा घेत असत. लोरेंट्स ग्रान या नॉर्वेजियन वैद्याने ते पाहिले आणि पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यातील घटक वेगळा केला. ती वनस्पती कॉफीच्या कुळातील होती. पुढे व्हायोलेटच्या कुळातही तशीच प्रथिने विपुल मिळाली, आणि आपल्या रतनपुरुषातही ती असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे.

या रोपावर अवलंबून असणारे एक परिचित फुलपाखरूही आहे. टॉनी कोस्टर या नावाचे तांबूस-नारिंगी, काळ्या ठिपक्यांचे, संथपणे उडणारे हे फुलपाखरू आपल्याकडे नित्य दिसते. कृष्णकमळाच्या वेलीप्रमाणेच त्याच्या अळ्या रतनपुरुषाची पानेही खातात. या फुलपाखराचे जुने शास्त्रीय नाव ॲक्रिया व्हायोली असे होते. व्हायोली म्हणजे ‘व्हायोलेटचे’. पक्षी त्यास सहसा टिपत नाहीत, कारण त्याच्या अंगातील रस बेचव असतो. म्हणूनच त्यास घाईने उडण्याची गरज पडत नाही.

३. रंगाचे नाव आणि फुलाचे नाव

व्हायोलेट हा शब्द आज रंगाचा वाचक झाला असला तरी मुळात तो फुलाचा आहे. लॅटिन भाषेत फुलास व्हायोला म्हणत. ग्रीक भाषेत त्याच फुलास आयॉन हे नाव होते. फुलावरून रंगाला नाव मिळाले आणि रंगावरून पुढे अन्य वस्तूंना. बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८११ मध्ये समुद्रशैवालाच्या राखेतून एक नवे द्रव्य मिळविले. ते तापविले असता जांभळी वाफ निघे. त्या वाफेच्या रंगावरून त्याचे नाव आयोडीन पडले. आपण जखमेवर लावतो त्या औषधाच्या नावात एक रानफूल दडलेले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे शब्दांचा प्रवास किती दूरवर होतो याची कल्पना येते.

आपल्या भाषांनी हाच रंग निराळ्या वाटेने ओळखला. मराठीत तो जांभळा, म्हणजे जांभळाच्या फळाचा. हिंदीत तो बैंगनी, म्हणजे वांग्याचा. फारसीत मात्र युरोपाप्रमाणेच बनफशाच्या फुलावरून रंगाचे नाव झाले. ज्या प्रदेशात जे वारंवार डोळ्यांपुढे येते त्यावरून तेथील माणूस रंगास नाव देतो. थंड प्रदेशातील माणसाला वसंतात बर्फ वितळल्यावर पहिल्याने दिसे ते व्हायोलेटचे फूल. आपल्याला ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पडलेला सडा दिसे तो जांभळांचा. माळव्यातील मराठी घरांत एकच साडी आजी जांभळी म्हणते आणि नात बैंगनी म्हणते, तेव्हा एका घरात दोन प्रदेशांच्या आठवणी शेजारी शेजारी नांदत असतात.

या सर्वांत एक गोष्ट लक्षणीय आहे. आपल्या प्रदेशात व्हायोलेट नव्हते म्हणून त्याला नाव नाही, असे नाही. व्हायोलेटचा भाऊबंद होता, आणि त्याला नावेही होती. फक्त ती नावे रंगावरून पडली नव्हती. ती कशावरून पडली, हे आता पाहू.

४. शास्त्राने दिलेली नावे

स्वीडनचा कार्ल लिनेयस याने १७५३ मध्ये आपला ‘स्पीशीज प्लँटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत त्याने सातत्याने वापरली. लिनेयस भारतात कधी आला नव्हता. प्रवासी व वैद्य यांनी आणलेली वाळवलेली रोपे, चित्रे आणि ग्रंथ यांवरून तो पूर्वेकडील वनस्पती जाणत असे. या रोपाचे नमुने पाहून त्याने दोन नावे दिली : व्हायोला एनियास्पर्मा आणि व्हायोला सफ्रुटिकोसा. दुसऱ्या नावाचा अर्थ ‘किंचित झुडूपवजा व्हायोलेट’. पहिले नाव ग्रीक शब्दांचे आहे : एनिया म्हणजे नऊ आणि स्पर्मा म्हणजे बीज. नऊ बियांचे व्हायोलेट, असा त्याचा अर्थ होतो. एकाच रोपास दोन रोपे समजून त्याने दोन नावे ठेवली होती, असे पुढील अभ्यासकांनी ठरविले.

नऊ ही संख्या कोठून आली, हे फळ पाहिल्यावर उलगडते. फूल गळाल्यावर त्याजागी वाटाण्याहून लहान गोलसर बोंड धरते. पिकल्यावर ते तीन शकलांत उकलते आणि प्रत्येक शकल नावेच्या आकाराचे दिसते. त्या नावेत फिकट पिवळसर, उभ्या रेघांच्या बारीक बिया बसलेल्या असतात. शकल वाळू लागले की त्याच्या कडा आत वळतात आणि बिया चिमटीत सापडल्याप्रमाणे दाबल्या जाऊन टणकन बाहेर उडतात. व्हायोलेट कुळातील अनेक वनस्पती याच रीतीने आपले बीज पसरवितात. तीन शकले आणि प्रत्येकात तीन बिया, असा हिशेब नऊचा होतो. निसर्ग मात्र नेहमी हिशेबाने चालत नाही. एखाद्या बोंडात नवाहून कमी बिया भरतात, तर एखाद्यात अधिक. विद्यार्थ्यांनी पिकू लागलेली पाच-दहा बोंडे कागदात बांधून ठेवावी आणि उकलल्यावर मोजणी करावी. अडीचशे वर्षांपूर्वी दिलेले नाव कितपत खरे आहे, हे तपासण्याचा याहून सोपा प्रयोग नाही.

लिनेयसच्या नंतर या रोपाचे आडनाव अनेकदा बदलले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाँतना याने १८०३ मध्ये अशा फुलांसाठी आयोनिडियम ही प्रजाती केली. त्यात ग्रीक आयॉन, म्हणजे व्हायोलेट, हाच शब्द आहे. हुकरने १८७० च्या दशकात ब्रिटिश भारताच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात आणि आपल्याकडील कित्येक जुन्या वैद्यकीय पुस्तकांत हे रोप आयोनिडियम सफ्रुटिकोसम या नावाने येते. परंतु त्याही आधी, १७६० मध्ये, जॅकीन याने हायबँथस ही प्रजाती प्रस्थापित केलेली होती. हायबॉस म्हणजे कुबड आणि अँथॉस म्हणजे फूल. मोठ्या पाकळीच्या बुडाशी असलेला फुगवटा या नावास शोभून दिसतो. जुन्या नावास अग्रमान, या नियमानुसार मेलबर्नच्या फर्डिनंड फॉन म्यूलर याने १८७६ मध्ये आपल्या रोपास हायबँथस एनियास्पर्मस असे नाव दिले आणि ते शतकाहून अधिक काळ प्रचारात राहिले. अलीकडे जनुकांची तुलना करता असे दिसून आले की, हायबँथस या एका नावाखाली वास्तविक निरनिराळ्या वंशांच्या वनस्पती गोळा झाल्या होत्या. त्यामुळे ऑस्ट्रेलिया व आशियातील जाती पिजिया या जुन्या प्रजातीत परत नेण्यात आल्या असून नव्या सूचींत आपले रोप पिजिया एनियास्पर्मा असे नोंदलेले आढळते.

आडनाव तीन वेळा बदलले, परंतु ‘नऊ बियांचे’ हे विशेषण टिकले. शास्त्रीय नाव बदलणे म्हणजे शास्त्राची चंचलता नव्हे. नात्याविषयीचे ज्ञान सुधारले की नाव सुधारते. पूर्वीची सर्व नावे मात्र नोंदीत राहतात आणि त्यांच्या आधारे अडीचशे वर्षांतील कोणत्याही पुस्तकातील उल्लेख शोधून काढता येतो.

५. अमरसिंहाची पाच नावे

आता आपल्याकडील नावांकडे वळू. संस्कृतातील अमरकोशाच्या दुसऱ्या कांडात वनौषधिवर्ग आहे. त्यात एका वनस्पतीची पाच नावे एकत्र दिली आहेत : पद्मा, चारटी, पद्मचारिणी, अव्यथा आणि अतिचरा. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात हीच वनस्पती स्थलकमलिनी म्हणून वर्णिलेली असून मूत्रकृच्छ्र, मुतखडा, श्वास, कास अशा विकारांवर ती उपयुक्त सांगितली आहे. आधुनिक काळातील अनेक अभ्यासकांनी ही वनस्पती म्हणजेच रतनपुरुष असे मानले. लोकवैद्यकात हे रोप मूत्रविकारांवर आणि शक्तिवर्धक म्हणून वापरले जाते, हा त्यांच्या मतास आधार आहे.

नावांची फोड अशी करता येते. अव्यथा म्हणजे जिच्यामुळे व्यथा राहत नाही ती. अतिचरा व चारटी या दोन्ही नावांत चर हा धातू आहे. पसरणारी, चालणारी असा भाव त्यांत दिसतो. पद्मचारिणी म्हणजे पद्मासारखी वागणारी. स्थलकमल म्हणजे पाण्याऐवजी कोरड्या भूमीवर उगवणारे कमळ. तमिळ भाषेत रतनपुरुषास ओरिदळ तामरै असे नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘एका पाकळीचे कमळ’ असा आहे. फुलाचे एवढे नेमके वर्णन दुसऱ्या कोणत्याही नावात नाही. ज्याने ते ठेविले त्याने रोप हाती घेऊन, वाकून पाहिले होते यात संशय नाही.

उज्जैनच्या श्रोत्यांना येथे एक मौज वाटल्यावाचून राहणार नाही. परंपरेने विक्रमादित्याच्या सभेत जी नवरत्ने सांगितली, त्यांत कोशकार अमरसिंह आहे, वैद्य धन्वंतरी आहे आणि कवी कालिदासही आहे. इतिहासकारांच्या मते हे नऊ जण एका काळातले नव्हते. नवरत्नांची कथा पुष्कळ नंतरची आहे. तरी आपल्या नगरीने ती आवडीने जपली. त्याच नगरीच्या गवतात जे रोप उगवते त्याच्या लोकनावात ‘रत्न’ आहे आणि शास्त्रीय नावात ‘नऊ’ आहे. हा निव्वळ योगायोग होय. लिनेयसला विक्रमादित्य ठाऊक नव्हता आणि खेड्यातील वैदूला ग्रीक भाषा ठाऊक नव्हती. योगायोगास इतिहास समजू नये. पण लक्षात ठेवण्याची खूण म्हणून त्याचा उपयोग करण्यास हरकत नाही.

कालिदासाच्या मेघदूतातही स्थलकमलिनी येते. विरहाने खंगलेल्या यक्षपत्नीला ढगाळ दिवशीच्या स्थलकमलिनीची उपमा तेथे दिली आहे. ती धड उमललेली नाही आणि धड मिटलेलीही नाही. आपल्या गवतातले फूल हेच ते, असा मोह येथे कोणासही होईल. तो आवरला पाहिजे. कवीला अभिप्रेत असलेले फूल सूर्याबरोबर उमलणारे व मिटणारे आहे, एवढेच त्या उपमेवरून निष्पन्न होते. शिवाय स्थलपद्म या नावाने बंगालमध्ये एक सर्वस्वी निराळे झाड ओळखले जाते. जास्वंदाच्या प्रजातीतले ते झाड मूळचे चीनकडील असून त्याची मोठी फुले सकाळी पांढरी असतात आणि सायंकाळपर्यंत गुलाबी होतात. केरळात तर पद्मचारिणी म्हणून एकच हृदयाकृती पान धरणारे जमिनीवरील ऑर्किड वापरले जाते. एका नावाचे हे तीन वारसदार झाले.

६. रतनपुरुष म्हणजे काय

मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत चालणारे रतनपुरुष हे नाव रत्न आणि पुरुष या दोन शब्दांचे आहे. तेलुगूतही हे नाव चालते. बोलीत त्याचा उच्चार रतनपुरस असाही होतो. संस्कृतात ‘पुरुषरत्न’ म्हणजे पुरुषांतील रत्न, श्रेष्ठ पुरुष. येथे शब्दांचा क्रम उलटा असला तरी भाव स्तुतीचाच आहे. हे रोप पुरुषांच्या दौर्बल्यावर गुणकारी आहे अशी लोकसमजूत पुष्कळ प्रदेशांत आहे, आणि ते पुरुषांचे रत्न, म्हणून रतनपुरुष, अशी उपपत्ती त्या समजुतीशी जुळते. म्हणजे हे नाव फुलाचे नसून औषधाचे आहे. ते बागेत पडले नाही. ते वैदूच्या पडशीत पडले.

आता तिन्ही नावे शेजारी ठेवून पाहावी. तमिळ माणसाने फुलाचे रूप पाहिले आणि ‘एका पाकळीचे कमळ’ म्हटले. वैदूने उपयोग पाहिला आणि ‘रतनपुरुष’ म्हटले. लिनेयसने कागदावर वाळलेले रोप पाहिले. रंग उडाला होता, पाकळी सुरकुतली होती, औषधी गुण समजण्यास मार्ग नव्हता. पण बिया शाबूत होत्या. त्याने त्या मोजल्या आणि ‘नऊ बियांचे’ म्हटले. प्रत्येकाने आपणास जे दिसले ते प्रामाणिकपणे नावात ठेविले. एकही नाव खोटे नाही आणि एकही नाव पुरे नाही. नावाचा अर्थ सांगणे म्हणजे शब्दाची फोड करणे एवढेच नव्हे. नाव ठेवणारा कोठे उभा होता आणि त्याला काय हवे होते, हे सांगणे होय.

७. नाव चुकले किंवा हरवले तर

यावर कोणी म्हणेल की, या चिकित्सेचा व्यवहारात उपयोग काय? दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट औषधाची. वनौषधी बाजारात नावाने विकली जाते आणि वाळलेली, कुटलेली असते. तेथे फूल दिसत नाही, पान ओळखत नाही. विकणाऱ्याने सांगितलेले नाव हीच ओळख. स्थलकमल म्हणून एकाने रतनपुरुष द्यावा, दुसऱ्याने जास्वंदाच्या जातीचे झाड द्यावे आणि तिसऱ्याने ऑर्किडचा कंद द्यावा, तर तिघांनाही आपण शास्त्राधारे चाललो असे वाटेल. मात्र रोग्याच्या पोटात तीन निरनिराळी द्रव्ये जातील. याच कुळातील दक्षिण अमेरिकेतल्या एका वनस्पतीचे मूळ वांती होण्यासाठी देत असत. एक भाऊ शक्ती देतो म्हणावे आणि दुसरा वांती घडवितो, अशी ही मंडळी आहेत. ऑस्ट्रेलियातील एक आप्त तर जमिनीतील निकेल हा धातू आपल्या पानांत मोठ्या प्रमाणावर साठवितो. म्हणून ‘त्याच कुळातले’ किंवा ‘त्याच नावाचे’ एवढ्या आधारावर कोणतीही वनस्पती खाऊ नये. रतनपुरुषावरील प्रयोग पुष्कळसे प्रयोगशाळेतील आणि प्राण्यांवरील आहेत. त्यावरून स्वतःच औषध योजणे सुज्ञपणाचे नाही. विद्यार्थ्यांनी हे रोप पाहावे, मोजावे, चित्र काढावे, चाखू नये.

दुसरी गोष्ट त्याच्या अस्तित्वाची. रतनपुरुष दुर्मीळ नाही. जे दुर्मीळ असते त्याच्या रक्षणासाठी कायदे होतात, समित्या नेमल्या जातात. जे सामान्य असते त्याच्या रक्षणासाठी फक्त ओळख असते. आपल्या वस्तीत मोकळी जागा फरसबंद होते, पटांगणाच्या कडेस तणनाशक मारले जाते, दर सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते रुंद होतात. यांतील पुष्कळ गोष्टी आवश्यकही असतात. परंतु ज्या कोपऱ्यात काय उगवते हे कोणास ठाऊक नाही, तो कोपरा रिकामा समजला जातो, आणि रिकामी जागा भरून टाकण्यास कोणाचीच हरकत नसते. जे नाव आपण उच्चारीत नाही त्याच्या जाण्याची वार्ताही आपणास लागत नाही. त्या रोपावरची अळी जाते, नारिंगी फुलपाखरू तेवढे विरळ होते, आणि का झाले हे सांगता येत नाही.

याउलट, नाव ठाऊक झाले की दृष्टी बदलते. ज्या मुलाने एकदा रतनपुरुषाच्या बोंडातील बिया मोजल्या, तो पुढे गवत कापणाऱ्या माळ्याजवळ थांबून म्हणेल, “काका, इतनी जगह छोड़ दीजिए.” हात-दोन हात रुंदीची पट्टी सोडली तरी या रोपाचे भागते. भिंतीलगत, जेथे चेंडू फारसा जात नाही, अशी एक पट्टी प्रत्येक शाळेस सोडता येण्याजोगी आहे. तिच्यावर रोपांची नावे मराठीत, हिंदीत आणि शास्त्रीय परिभाषेत लिहिलेल्या लहान पाट्या विद्यार्थ्यांनीच लावाव्या. त्यासाठी निधी लागत नाही. थोडे वाकून पाहणे लागते.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्यांना शाळा सोडून वर्षे लोटलेले विद्यार्थीही नावाने आठवत असत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. वर्गात पहिल्या आलेल्यांची नावे सर्वांनाच आठवतात. मागच्या बाकावर गुपचूप बसणाऱ्याचे नाव लक्षात ठेवणे हे शिक्षकाचे खरे लक्षण. गवतात उभे असलेले हे जांभळट फूलही मागच्या बाकावरचेच आहे. एक पाकळी, नऊ बिया आणि रत्नाचे नाव, एवढे त्याचे भांडवल. येत्या पावसाळ्यात शाळेच्या पटांगणाकडेने जाताना आपण त्यास ओळखावे आणि शेजारच्या मुलास त्याचे नाव सांगावे, एवढीच विनंती करून हे विवेचन पुरे करतो.